मोज्यांची कापलेली बोटं

"ओढलंत का?" चिझुरूने डोळे मिटूनच विचारलं.

"दोनदा ओढलं," शेडच्या पलीकडच्या टोकाहून कुदो-सान म्हणाले. "झोप लागली की काय तुला?"

तिचा हात बर्फ घातलेल्या समुद्राच्या पाण्याच्या बादलीत होता आणि मुठीत दोर होता. हातमोजा तीन बोटांचा, जाड. हात छान उबदार होता, पण दोर मुका झाला होता.

उत्तर जपानमधल्या उतोरोच्या किनाऱ्याला तरंगता बर्फ येऊन लागला होता. उद्या हंगामातले पहिले पाहुणे येणार होते. त्यांना बुडी मारून बर्फाखाली चिझुरू न्यायची, आणि वर बर्फात पाडलेल्या भोकाशी बसून कुदो-सान तिचा दोर धरायचे. वरून एक झटका म्हणजे 'ठीक आहेस ना?' खालून एक झटका म्हणजे 'ठीक.' उत्तर आलं नाही तर वर ओढून काढायचं. म्हणून दर हिवाळ्यात ती मोजे असे बादलीत पारखून निवडायची. झटका कळला पाहिजे आणि मग त्याच हाताने कमरेच्या वजनाच्या पट्ट्याचं बकल उघडता आलं पाहिजे.

तिने पाच बोटांचा पातळ मोजा चढवला. या खेपेला झटका लगेच कळला. पण बकलापाशी बोटं अडली. मोजा काढला तर ती मेणासारखी पांढरी पडली होती. गेल्या हिवाळ्यात दोनच बोटं अशी व्हायची. आता चार.

"मी असेन ना बरोबर," डायव्हिंगच्या दुकानातली दुसरी गाइड नागिसा म्हणाली. "झटक्यांचं मी बघेन."

"पाण्याखाली तुझं लक्ष पाहुण्यांकडे हवं, माझ्याकडे नको." चिझुरूने दोन्ही मोजे नीट पिळून दोरीवर टाकले. "उद्या तू ने त्यांना."

कुदो-सान चिझुरूकडे वळले. खाकरले.

"दोर तू धर. माझे गुडघे आता बर्फावर बसू देत नाहीत. आयुष्यभर खालून माझ्या चुका काढल्यास, आता वरून काढ."

ती हसली. कपाटातून तिने स्वतःचे लोकरीचे मोजे काढले, तर त्यांनी कात्री पुढे केली.

"काप. अंगठा आणि पुढची दोन बोटं. दोन्ही हातांची."

वर्षअखेरीला ती त्यांना लोकरीचे मोजे द्यायची आणि बर्फ आला की आठवड्याभरात ते त्यांची टोकं कापून टाकायचे. 'गळाला आमिष लावताना बोटं मोकळी हवीत म्हणून कापायला माझेच मोजे सापडतात का तुम्हाला?' असं ती दरवर्षी म्हणायची, आणि ते नुसते हसायचे.

"म्हणजे ते आमिषासाठी नव्हतं?"

"अगं, फेब्रुवारीत समुद्र झाकलेला असतो. कसले मासे धरणार मी? मोज्यातून तुझा झटका कळायचा नाही."

इतकी साधी गोष्ट तिच्या डोक्यात कधी आली नव्हती. तिने त्यांच्या बोटांकडे पाहिलं. टोकं जाड, काळपट, भेगाळलेली. या भेगांवरूनही ती त्यांना बोलली होती, मलम आणून दिलं होतं.

"पण माझी बोटं..."

"एक हात दोरावर, दुसरा पोटाशी, कोटात ठेवलेल्या ऊब देणाऱ्या पुडीवर. आलटून पालटून. खाली ही सोय नाही, इथं आहे."

चिझुरू उठली आणि त्यांच्यापुढे कमरेतून पूर्ण वाकली. बराच वेळ तशीच राहिली.

"पुरे," ते म्हणाले. "आधी काप."

दुसऱ्या दिवशी सकाळी नागिसा दोन पाहुण्यांना घेऊन भोकातून खाली गेली. दोर सरकत सरकत थांबला. चिझुरूने एक झटका दिला आणि वाट पाहिली. ओल्या दोरातून, उघड्या बोटांच्या टोकांवर, इवलासा ताण आला.

"आला?"

"आला."

तिने हात बदलला. शेजारी स्टुलावर बसून कुदो-सान चहा ओतत होते. तिने दिलेले यंदाचे मोजे त्यांच्या हातांत होते, दहाही बोटं शाबूत.