लाल होण्याची वाट

निवृत्त होईपर्यंत बाई शहरातली बस चालवायच्या, म्हणून गल्लीत त्यांना सगळे ड्रायव्हरीणबाईच म्हणत. घर त्यांच्या नावावर होतं, पण चालायचं मुलाचं. आणि मुलाच्या म्हणण्यानुसार मागच्या अंगणातली त्यांची करंटची, म्हणजे बारीक द्राक्षांसारखे घोस धरणाऱ्या विलायती फळाची, झुडपं आज उपटली जाणार होती.

"नावातच करंटेपणा," असं तो पहिल्या दिवसापासून म्हणायचा. तिथे फरशी घालून त्याला सुनेची नवी गाडी उभी करायची होती. गेल्या वर्षी भांडण हातघाईवर आलं, तेव्हा त्याने अट घातली: पुढच्या उन्हाळ्यात फळं पिकली तर झुडपं राहतील, नाहीतर गवंडी बोलावीन. बाईंनी लगेच होकार दिला. इतक्या लगेच, की शहाण्याला संशय यावा.

उन्हाळा आला. झुडपांना घोस लगडले, पण काचेच्या मण्यांसारखे, फिके. मुलगा खिडकीतून विचारायचा, "लाल कधी होणार?" बाई म्हणायच्या, "जवळ येऊन बघ की." तो एकदाही आला नाही. आईच्या अंगणात चार पावलं टाकायला ज्याला जड जातं, त्याला आपण होऊन काय सांगायचं? बाईंना याचा राग होता आणि तो त्यांनी मुद्दाम जपला होता. पाखरंही फसून लांबच राहिली.

फक्त स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या झुडपाचे घोस रोज थोडे कमी व्हायचे. देठापासून नीट खुडलेले असायचे. बाईंनी कुणाला विचारलं नाही. त्या झुडपाला हात लावणं मात्र त्यांनी सोडून दिलं.

आज गवंड्याने कुदळ भिंतीला टेकवली आणि बाई झुडपांपुढे स्टूल टाकून बसल्या.

"आई, ऊठ. पिकलेलं एक तरी फळ दाखव, याला परत पाठवतो."

बाईंनी एक घोस खुडून पुढे केला. "खा."

"कच्चं आहे ते. मला दिसतंय ना."

"तुला नुसतं दिसतंय. ही जातच पांढरी आहे. याहून रंग चढत नाही."

"आता हे नवीन काढलंस?" तो बायकोकडे वळला. "तू तरी सांग हिला. गाडी तुझी आहे."

सून दारात उभी होती. मायलेकांच्या भांडणात ती कधी पडली नव्हती. गाडीला जागा कुणाला नको असते?

सून पायरी उतरून खाली आली. "पिकलीत ती," ती म्हणाली. "कधीची. मी रोज खातेय."

मुलाने विचारलं, "आणि गाडी?"

"रस्त्याकडेला लावीन."

"तुला जमतं का तरी?"

"नाही जमत. आई शिकवतील."

गवंड्याने विचारलं, "मग मी निघू का?"

"निघा," बाई म्हणाल्या, "पण आधी हे खाऊन बघा." हातातला घोस त्यांनी त्याला दिला. मुलाला पुन्हा विचारलं नाही. आता राखण करत बसायची गरज नव्हती. त्या स्टुलावरून उठल्या आणि सुनेला म्हणाल्या, "जा, चावी आण."