ऑइल ब्रेक

"दादा, पायडल खाली गेलं!"

माझ्या लेकीनं, वर्षाराणीनं, ब्रेकवर पुन्हा पाय मारला, परत मारला. गाडी तशीच पळत होती. समोर कालव्याचं वळण आणि वळणावर बैलगाडी. मी शेजारच्या सीटवर होतो. चाळीस वर्षं ट्रॅक्टर हाकला, पण त्या वेळी मी नुसती सीट धरून बसलो. पोरीनंच गिअर पाडला आणि गाडी शेजारच्या अभिमन्यूच्या उभ्या उसात घातली. ऊस कडाकडा मोडत राहिला. मग सगळं गप्प झालं.

मला ओरखडासुद्धा नव्हता. तिचं डावं मनगट मोडलं होतं.

"ब्रेक निवडायलाच चुकले मी," दवाखान्यात जाताना ती सारखी म्हणत होती.

निवड आम्ही दोघांनी केली होती. माजलगावजवळच्या आमच्या शेडात, जुन्या मारुतीच्या सांगाड्यावर, तिनं दोन वर्षं खपून ही दोन माणसांची बुटकी गाडी उभी केली. इंजिन मोठं बसवलं, तेव्हा जुने ब्रेक पुरेनात. माझी बायको दगडाबाई म्हणायची, "पळवायचं आदी, थांबवायचं मागून! बापावर गेलीय."

वर्षाराणीला चारही चाकांना डिस्क ब्रेक हवे होते. मी म्हणालो, "फुडं मोठ्या डिस्क लाव. मागं ड्रमच राहू दे. ढुंगाण हलकं हाय हिचं. मागून लई धरलं तर गरकन फिरंल."

तिनं कागदावर आकडेमोड केली आणि हसली. "दादा, डिप्लोमा तुमालाच द्यायला पायजे व्हता."

त्या वाक्यावर मी दोन दिवस जेवलो.

अपघातानंतर चौथ्या दिवशी, प्लास्टरचा हात छातीशी धरून, तिनं ब्रेकचं सिलिंडर खोललं. आतले रबरी वायसर बाहेर काढले. ते भिजलेल्या हरभऱ्यासारखे फुगले होते. एकाची कड उलटी वळली होती. तिनं बोटाला लागलेलं तेल चोळलं, हुंगलं.

"दादा, ह्यात काय वतलंतं?"

"ऑइल."

"कोन्तं?"

मी डबा आणला. ब्रेक बसवले त्या दिवशी ती तांब्याचे वायसर आणायला माजलगावात गेलती. जाताना म्हणाली होती, "ब्रेकमधी ऑइल भरून ठिवा, फळीवर हाय." फळीवर इंग्रजी अक्षरांची एक छोटी बाटली होती, आणि तिच्याशेजारी ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा. अक्षरं मी साठीनंतर शिकलो, तीही मराठीच. डब्यावर बोट फिरवत वाचलं होतं, 'ऑइल ब्रेकसाठी उत्तम.' आमच्या ट्रॅक्टरला ऑइल ब्रेकच आहेत. त्यांच्या चकत्या त्या तेलात बुडालेल्या असतात. मग शंका कसली?

"हे ट्रॅक्टरचं, दादा. ह्या रबराला चालत न्हाई."

"पन त्याच्यावर लिवलंय."

तिनं डबा हातात घेतला, वाचला. "लिवलंय खरं," ती हळू म्हणाली.

मी तिथंच खाली बसलो. अडाणी होतो तोवर प्रत्येक गोष्ट चार जणांना विचारून करायचो. माझ्या हातून कुणाचं नखही कधी चेचलं नाही. वाचता आलं आणि मी विचारणं सोडलं.

दारातून दगडाबाईनं विचारलं, "काय निगालं गं?"

"काय न्हाई, आई. वायसर खराब लागले."

मायलेकींनी मिळून मला शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

तिनं सगळे रबर नवे आणले. नळ्या धुतल्या, बाटलीतलं ऑइल स्वतः भरलं. आता नळ्यांतली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. एकानं पायडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी स्क्रू ढिला करायचा. ती चाकाशी आडवी झाली. मी सीटवर बसलो.

"दाबा."

पाय उचलला आणि तसाच मागं घेतला. "तुज्या आईला बोलाव," मी म्हणालो.

"आईला काय कळतंय ह्यातलं?"

"मला तरी कुठं कळलं?"

 मला तिचे पाय तेवढे दिसत होते. एका पायातली चप्पल निसटली होती. पान्याचा आवाज थांबला होता.

"दाबा, दादा. मी हाय खाली."

मी हळूच पायडलवर पाय टेकवला.