एका हाताची लेथ

सकाळी साडेनऊला दुसरी लेथ शेडमधून बाहेर पडली. ती ट्रकवर चढेपर्यंत धाकटा दारात उभा होता. मग त्याने शेडला कुलूप लावलं, जुन्या मशीनच्या यार्डवाल्याने दिलेली रोकड कापडी पिशवीत घातली आणि घरी येऊन पिशवी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वहिनीसमोर ठेवली.

“एक लाख नव्वद,” तो म्हणाला.

वहिनीने पिशवी उघडली नाही. पहिली लेथ महिन्यापूर्वी तीन लाख दहा हजारांना गेली होती. ती धाकट्याची होती. ही थोरल्याची. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच ट्रकमधून एकाच दिवशी आलेल्या. सहा फुटांचा बेड, तोच चक, तीच मोटर. शेडमध्ये त्या पाठीला पाठ लावून उभ्या असत आणि दोघे भाऊ एकमेकांकडे पाठ करून दिवसभर लोखंड कातत. थोरला शेडमध्येच गेला, जेवणाच्या सुट्टीत, डब्याचं झाकण हातात असताना. त्यानंतर धाकट्याने कारखान्यात नोकरी धरली आणि घरात ठरलं की दोन्ही मशीन विकायच्या, मग शेड. थोरल्याच्या मशीनचे पैसे वहिनीचे, धाकट्याच्या मशीनचे त्याचे, शेडचे निम्मे निम्मे.

“मशीन तीच ना?” वहिनीने विचारलं.

“तीच.”

“मग?”

धाकटा खुर्चीवर बसला. त्याची बायको ओट्याशी कांदा चिरत होती, तिची सुरी थोडी मंदावली.

“माझी गेली तेव्हा शेडमध्ये वीज होती. पाईपवाला ती घ्यायला आला तेव्हा मशीनवर काम चढवलेलं होतं. त्याची स्वतःची मशीन मोडून पडलेली, डोक्यावर ऑर्डर. त्याने घासाघीस केली नाही.”

“अडला हरी,” ओट्याकडून जाऊ म्हणाली.

“तेच. आणि ही विकायची वेळ आली तेव्हा वीज नव्हती. कनेक्शन आपण बंद केलं होतं.”

“मीच म्हटलं होतं,” वहिनी म्हणाली.

“मी कुठे म्हणतोय तुम्ही म्हटलंत.”

“पण मीच म्हटलं होतं. एका बंद मशीनसाठी मीटरचं महिन्याचं भाडं कशाला भरायचं, म्हणून.”

“हो. तर बंद मशीन म्हणजे नुसतं लोखंड. घेणारा म्हणतो, चालते कशावरून? मी म्हटलं चालते. तो म्हणतो, सगळे हेच म्हणतात.” तो थांबला. “आणि रंग.”

वहिनीने वर पाहिलं.

रंग तिने लावला होता. दोन रविवार शेडमध्ये जाऊन तिने आधी रॉकेलने मशीन पुसली, त्यासाठी नवऱ्याचे दोन जुने शर्ट फाडले. मग हिरवा रंग आणला आणि स्वतः ब्रशने मारला, गिअरच्या डब्यापासून पायापर्यंत. घर विकायला काढलं की आधी रंग देतात, एवढा साधा हिशोब होता. रंग वाळल्यावर तिने वर चादर घातली.

“रंगाचं काय?”

“आमच्या धंद्यात रंगवलेल्या मशीनला कोणी हात लावत नाही, वहिनी. काहीतरी झाकलंय असं धरून चालतात. तडा, वेल्डिंग, काहीही. तेलकट, कीस पडलेली मशीन बघितली की घेणाऱ्याला बरं वाटतं.”

“हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?”

“मी आलो तेव्हा बराच रंग मारून झाला होता. तुम्ही जमिनीवर बसून पाय रंगवत होतात.” तो टेबलाकडे बघत म्हणाला. “माझ्याच्याने नाही बोलवलं.”

“म्हणजे हात दाखवून अवलक्षण,” जाऊ म्हणाली. हे कोणाला उद्देशून होतं ते तिने स्पष्ट केलं नाही.

“आणि त्याने विचारलं, का विकताय. पहिला प्रश्न तोच असतो. मी सांगितलं, भाऊ गेला.”

“मग?”

“मग काय. बाईमाणूस मशीन घरात ठेवून काय करणार, हे त्याला कळतं. थांबायची ताकद कोणाची आहे त्यावर भाव ठरतो.”

वहिनीला रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. नवरा गेल्यापासून चार महिने असंच होतं. लोक काय सांगतात ते तिला नीट ऐकू येई आणि ते आत कुठेही लागत नसे. आताही तिला एवढंच दिसलं की वीज तिने तोडायला सांगितली, रंग तिने मारला, विधवा ती झाली, आणि एक लाख वीस हजारांच्या फरकात धाकट्याचा म्हणून काहीच वाटा नव्हता. सगळी कारणं तिच्या बाजूची होती. खरं बोलणारा माणूस असंच बोलला असता. खोटं बोलणाराही.

धाकट्याने शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढून पिशवीशेजारी ठेवला. “हे शेडचं मुखत्यारपत्र. गिऱ्हाईक दिवसा येणार, तुमची ड्युटी, मला निदान पाळी बदलून घेता येते. दरवेळी दोघांनी जाणं जमायचं नाही. सोमवारपर्यंत सही करा म्हणजे मला बोलता येईल.”

“वाचते,” वहिनी म्हणाली.

सही केली की शेडचा भाव धाकटा ठरवणार होता, आणि काय ठरला ते तोच येऊन सांगणार होता.

वहिनी सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते. नाव, वय, पत्ता, काय होतंय. गुरुवारी दुपारी ड्युटी संपल्यावर ती घरच्या बसऐवजी दुसऱ्या बसमध्ये बसली आणि वजनकाट्याच्या थांब्यावर उतरली. जुन्या मशीनचं यार्ड काट्याच्या मागे आहे. वर पत्रा, खाली सिमेंट, आणि दोन्ही बाजूंना ओळीने उभ्या मशीन. ड्रिल, प्रेस, करवती, लेथ. यार्डवाल्याने तिला कधी पाहिलं नव्हतं. व्यवहार धाकट्याने केला होता.

यार्डवाला एका टोपीवाल्याला ड्रिल दाखवत होता. त्याला तिथेच सोडून तो पुढे आला.

“बोला ताई.”

“लेथ हवी होती. सहा फुटी.”

“कोणासाठी?”

“मिस्टरांसाठी.”

“मग त्यांनाच घेऊन यायचं की. मशीन माणसाने स्वतः बघावी. लग्नासारखं असतं ते, नंतर बदलून देत नाही आम्ही.”

“त्यांना येता येत नाही,” वहिनी म्हणाली.

“बरं, बरं. या.”

लेथ तिसऱ्या ओळीत होती. हिरवा रंग गेला होता. तारेच्या ब्रशने घासून काढला होता, खालचा मूळ राखाडी वर आला होता, आणि त्यावर कोणीतरी हाताने वंगण चोळलं होतं. खालच्या ट्रेमध्ये लोखंडाचा ताजा कीस पसरला होता. फक्त मागच्या पायाच्या आतल्या अंगाला बोटभर हिरवं राहिलं होतं. तिथे ब्रश पोचला नव्हता. तिचा मात्र पोचला होता.

“चालवून दाखवतो.” यार्डवाल्याने बटण दाबलं. चक फिरू लागला. त्यात सळई पकडलेलीच होती. टूल पुढे आलं आणि लोखंडाची निळसर वेटोळी सुटून खाली पडू लागली. वहिनीने ही मशीन एकटी चालताना कधी ऐकली नव्हती. शेडमध्ये नेहमी दोन्हींचा आवाज एकात एक मिसळलेला असे.

“काय म्हणता?” त्याने मशीन बंद केली. “इथे बोट फिरवा. चकाजवळ. जुन्या लेथचा बेड इथेच झिजतो, नखाला पायरी लागते. लागतेय?”

“नाही.”

“लागणारच नाही. ही एका हाताची मशीन आहे. मालक एकटा चालवायचा, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. अशी मशीन विकायला येत नाही कधी. तो गेला बिचारा, म्हणून आली.”

“कशाने गेला?”

“हार्ट. मशीनवर उभ्या उभ्या.”

“जेवताना” असा शब्द वहिनीच्या तोंडात आला होता. तिने तो बाहेर काढला नाही.

“किंमत?”

“तीन साठ.”

“फार होतात.”

“फार कसे? मलाच अडीचला पडलीय. वर ट्रक, मजुरी, आणि हा सगळा रंग काढायला माणूस लावला दोन दिवस. कोणीतरी शहाण्याने हिरवा रंग फासला होता.”

“का बरं?”

“लोक झाकायला फासतात. इथे झाकायला काही नव्हतंच, हीच गंमत. पण रंग दिसला की आम्ही भाव पाडतो. तसा रिवाजच आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, आमच्याकडे उलटं. झाकलेली दिसली की सव्वा लाखच.” तो स्वतःच हसला.

“म्हणजे भाव पाडून अडीच?”

“मग?”

“नक्की अडीच?”

यार्डवाल्याने तिच्याकडे नीट पाहिलं. “ताई, मी कशाला खोटं बोलू? दहा हजार कमी करतो. मिस्टरांना विचारून या.”

तेवढ्यात टोपीवाल्याने हाक मारली. यार्डवाला ड्रिलकडे वळला. वहिनी फाटकापर्यंत पोचली तेव्हा मागून त्याचा आवाज आला, त्याच सुरात, त्याच दमात: “अहो, मलाच चाळीसला पडलंय.”

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. अडीच खरे असतील तर साठ हजार धाकट्याने ठेवले. एक नव्वद खरे असतील तर यार्डवाला खोटं बोलला, आणि ते तर तो रोजच बोलत असणार. खरा भाव दोघांनाच माहीत होता, आणि दोघांनाही तो बदलून सांगण्यात फायदा होता. ती हे एखाद्या परक्या बाईचा केसपेपर भरावा तसं मनात मांडत गेली. कॉलम भरले. शेवटचा रिकामा राहिला.

संध्याकाळी चहाच्या वेळी धाकट्याने विचारलं, “वाचलंत का मुखत्यारपत्र?”

“भाऊजी, यार्डवाल्याने किती दिले?”

“एक नव्वद. सांगितलं ना.”

“तो अडीच म्हणतो.”

जाऊने कप खाली ठेवला.

“तुम्ही गेला होतात तिकडे?”

“हो.”

“कोण म्हणून?”

“गिऱ्हाईक म्हणून.”

“मग अडीचच सांगणार. वहिनी, गिऱ्हाइकाला खरेदीचा भाव कोणी खरा सांगतो का? तो एक नव्वद म्हणाला असता तर मला काळजी वाटली असती.”

“बोलावून घ्या त्याला,” जाऊ म्हणाली. “समोरासमोर होऊ दे. रोज एका ताटात जेवायचं आणि मनात हे.”

“बोलावून काय होणार?” धाकटा म्हणाला. “माझ्या बाजूने बोलला तर म्हणाल ठरवून आलेत. विरुद्ध बोलला तर मी चोर.”

“मी चोर म्हटलं नाही,” वहिनी म्हणाली.

“म्हटलं असतंत तर बरं झालं असतं.”

जाऊने उठून कप उचलले, त्यातला एक अजून भरलेला होता.

“चालवली का त्याने?” धाकट्याने विचारलं.

“चालवली.”

“मागच्या गिअरचा आवाज येत होता? कडकड, थांबून थांबून?”

“नाही. सरळ चालली.”

“दादा रोज वैतागायचा त्या आवाजावर. मी म्हणायचो बदलू, तो म्हणायचा राहू दे.” धाकट्याने हात टेबलावर सरळ ठेवले. नोकरी लागल्यापासून त्याच्या नखांतली काळी रेघ गेली होती. “म्हणजे बदलला असेल त्याने. बदलला असेल तर खर्च केला.”

“किंवा तेल घातलं असेल,” वहिनी म्हणाली.

“किंवा तेल,” तो म्हणाला.

सोमवार गेला. मुखत्यारपत्र फ्रिजवर आहे, उडू नये म्हणून वर पाण्याची बाटली ठेवलेली. सही झालेली नाही. धाकट्याने पुन्हा विचारलं नाही. जेवायला सगळे अजून एकत्रच बसतात. लेथ यार्डातून शनिवारी गेली. केवढ्याला गेली हे विचारायला वहिनीने फोन केला तेव्हा यार्डवाला म्हणाला, “उशीर केलात ताई, चारला गेली.”

शेडसाठी एक गिऱ्हाईक आलं आहे, शेजारचा पत्र्याचे डबे करणारा. त्याने धाकट्याला एक आकडा सांगितला आणि धाकट्याने तो जेवताना सर्वांना सांगितला. बुधवारी दुपारी खिडकी बंद केल्यावर वहिनीने त्या डबेवाल्याला स्वतः फोन लावला, आपण कोण ते सांगितलं आणि भाव विचारला. माणूस तोच, शेड तीच. तिला सांगितलेला आकडा धाकट्याने जेवताना सांगितला त्यापेक्षा कमी आहे. घरात तिने तो अजून कोणाला सांगितलेला नाही.