कोठीवरचं माणूस

"लाईट बंद करा ना पप्पा! थेटरात कुठे लाईट असते?"

वरद गादीवर उड्या मारत ओरडला. दिलीपने ट्यूबलाईट बंद केली. नेरूळच्या त्या दीड खोलीत आता गॅलरीतल्या आकाशकंदिलाचा लाल उजेड तेवढा उरला. श्रुतीने सकाळपासून घराचं थेटर केलं होतं. खिडकीला चादर अडकवली, वहीच्या कागदाची तिकिटं कापली, शेजारच्या रखमाकाकूंनी दिलेल्या चकल्या तीन वाट्यांत घातल्या. वय वर्षं नऊ, पण कारभार पन्नाशीच्या बाईचा.

पाडव्याला कारखाना बंद, म्हणून दिलीपने एका दिवसासाठी व्हीसीआर भाड्याने आणला होता. पोरांसाठी कार्टूनची कॅसेट होतीच. पण खरी कॅसेट दुसरी. ती त्याच्या धाकट्या भावाच्या, ज्ञानूच्या लग्नाची. गणपतीत गावी गेला तेव्हा दिलीपने ती मागून आणली आणि न बघताच कपाटात कपड्यांच्या घडीत जपून ठेवली. त्यात मीना असणार होती.

मीनाला जाऊन तीन वर्षं झाली. काविळीचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. वरद तेव्हा दीड वर्षाचा. त्याला आई म्हणजे भिंतीवरची चौकट. महिन्यापूर्वी बालवाडीत 'माझी आई' काढायला सांगितलं, तर पोराने आधी चौकट काढली, मग हार काढला, आणि आत काही काढलंच नाही. बाईंनी ते चित्र दिलीपला दाखवलं. घरी येताना वरदने विचारलं, "पप्पा, आई चालायची कशी?"

"दिवाळीला दाखवतो," तो म्हणाला होता.

कार्टून संपलं. दिलीपने कॅसेट बदलली.

"आता आई येणार हं," श्रुती हळूच म्हणाली. वरदने वाटी खाली ठेवली, बाहीने तोंड पुसलं आणि मांडी घालून ताठ बसला.

मांडव दिसला. घोड्यावर ज्ञानू दिसला. नाचणारी पोरं, मानपानावरून तोंड फुगवलेला मामा, फेटा सावरणारे पाहुणे. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या.

"आई?"

"येईल. थांब जरा."

पंगत बसली. व्हिडिओवाल्याने कुणाला म्हणून सोडलं नव्हतं. एकेकाच्या तोंडात लाडू कोंबतानाचं तीन-तीनदा घेतलं होतं. मीना कुठेच नव्हती. आणि मग दिलीपला आठवलं.

पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो स्टोअरकीपर. कुलूप उघडं दिसलं की याला घास गोड लागत नाही. लग्नाच्या सकाळी त्यानेच मीनाच्या हातात कोठीची किल्ली दिली होती. "आचाऱ्यांचा काय भरवसा? कोठीवर घरचं माणूस पायजे. तूच बस."

"अहो, अक्षता तरी टाकू द्या," ती म्हणाली होती.

"अक्षता टाकायला चारशे माणसं आहेत. तू कोठी सोडू नको."

तिने सोडली नाही. एक लाडू इकडचा तिकडे झाला नाही. दिलीपने गावभर त्याची फुशारकी मारली होती.

पडद्यावर पंगतीमागचं एक दार किलकिलं झालं. हिरव्या बांगड्यांचा एक हात बाहेर आला. मनगटावर तव्याच्या चटक्याचा डाग. हाताने लाडवांचं ताट वाढप्याकडे दिलं आणि दार लागलं.

"ती बघ! आई!" दिलीप ओरडलाच.

"कुठाय?"

त्याने कॅसेट मागे घेऊन पुन्हा दाखवलं. "तो हात. तो आईचा."

"मग आई कुठाय?"

"आत आहे."

"बाहेर कधी येणार?"

कॅसेट पुढे सरकत राहिली. आता वऱ्हाडी बायका मांडवातून येत होत्या. त्यातली नारिंगी साडीतली एक, कानामागे केस सारत, हसत हसत सरळ कॅमेऱ्याकडे चालत आली. कोण, कुठली, दिलीपला ठाऊक नव्हतं. मुलीकडची कुणीतरी.

वरद ताडकन उठला. "ही! पप्पा, ही ना आई? चालतेय बघा!"

श्रुतीने तोंड उघडलं. तिला आई चांगली आठवत होती. तिने बापाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मग खाली बघून ती वाटीतली चकली मोडत बसली. खाल्ली नाही.

"हो," दिलीप म्हणाला. "हीच."

"परत लावा ना!"

त्याने परत लावली. वरदने टीव्हीजवळ जाऊन बाईला टाटा केला. पुन्हा मागे वळून म्हणाला, "परत!"

भाड्याचं यंत्र ते, दरवेळी कॅसेट जरा जास्तच मागे जायची. बाई उलट्या पावलांनी निघून जायची, दार उघडायचं, हिरव्या बांगड्यांचा हात लाडवांचं ताट परत आत घ्यायचा, आणि दार लागायचं.

"हे नको, पप्पा," वरद म्हणायचा. "पुढे करा. आई येऊ दे."

आणि दिलीप पुढे करायचा.