दावणीचा प्रश्न

“तुझ्या दावणीला बांधशील का रं ह्याला?”

खरसुंडीच्या जत्रेत बैलाच्या वशिंडावर हात ठेवून केरबा बैल विकणाऱ्या हेड्याला एवढंच विचारायचा. दात, खूर, शेपटी हे सगळं नंतर. हेड्यानं चटकन उत्तर दिलं तर तो कासरा हातात घ्यायचा. हेडा गप्प झाला की मात्र पुढच्या झाडाकडं चालायला लागायचा. “गप्प बसला म्हंजी खोट हाय, पोरी.” त्याच्या खांद्यावर बसलेल्या पोरीला धुळीतून फक्त शिंगं दिसायची. बाप गेला, बैल गेले, तो आवाज तेवढा कानात उरला.

आता पन्नाशीला टेकलेली ती पोर, विजयमाला, सांगलीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये उभी होती. गुडघ्यावर हात दाबत तिनं एजंटाला विचारलं, “तुमी स्वतः राहाल का इथं?”

“शंभर टक्के, मॅडम,” साईराज म्हणाला. त्याचा अंगठा फोनवर चालूच होता. “कालच मिसेसला म्हटलं, आपणच घेऊ या.”

न्हाणीघराचं दार अर्ध्यातच बेसिनला अडत होतं. विजयमालेच्या नवऱ्यानं, हंबीररावांनी, ते दोनदा लोटून पाहिलं आणि सोडून दिलं.

जिना उतरताना ते हळूच म्हणाले, “माले, ह्या पोराच्या बायकोला घरं तरी किती लागत्यात? मागच्या रविवारचंबी तीच घेणार होती.”

विजयमाला हसली नाही. हसायलाही अंगात काही उरायला लागतं.

गाडीपाशी आल्यावर साईराजनं गॉगल डोळ्यांवर घेतला. “सुभेदारसाहेब, एक सांगतो, राग मानू नका. ते गादीवाले चांदभाई पण तुम्हाला फिरवतायत, कळलं मला. दोन दोन एजंट मी चालवून घेत नाही. उद्यापर्यंत सांगा. एक तर मी, नाही तर ते.”

हंबीररावांनी फौजेत मान हलवायचे तशी मान हलवली. तिच्यातून हो की नाही ते कळायचं नाही.

निवडायला तर हवंच होतं. भाड्याच्या खोल्यांच्या मालकाचा मुलगा दिवाळीला परत येणार होता आणि त्याआधी खोल्या मोकळ्या करायच्या होत्या. शिराळ्याचं घर भावकीत वाटलं गेलं होतं. मुलगी आष्ट्याला दिलेली, म्हणून सांगली. आयुष्य गेलं ते सरकारी क्वार्टरमध्ये. भिंतीला खिळा मारायची सोय नाही, मारला तर जाताना भरून द्यायचा. लग्नात आलेलं लंबकाचं घड्याळ विजयमालेनं इतकी वर्षं जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत फिरवलं होतं. एक खिळा हवा होता तिला. आपल्या हातानं, कुणाला न विचारता मारलेला.

चांदसाहेब नाक्यावर स्कूटर लावून वाट बघत होता. एके काळी तो घरोघरी जाऊन गाद्या भरून द्यायचा. अंगणात कापूस पिंजता पिंजता त्याला घरं कळायला लागली. कोण विकायचं म्हणतंय, कुणाच्या छताला ओल आहे, सगळं कानावर यायचं. पुढं गाद्या तयार मिळायला लागल्या आणि तो घरंच दाखवू लागला. त्याचं बोलणं धंद्याच्या उलट होतं. विजयमालेनं पहिल्याच घरात तो प्रश्न विचारला, तेव्हा त्यानं सरळ “न्हाई” म्हणून पुराचं पाणी कुठवर चढलं होतं तिथं बोट टेकवलं होतं. दुसऱ्या घरातही “न्हाई, वैनी. खाली फरसाणाची भट्टी हाय. उन्हाळ्यात चपातीसारखं भाजून निघाल.”

“ह्यो बाबा इकायला आलाय का मोडायला?” तेव्हा हंबीरराव म्हणाले होते. पण विजयमालेनं त्या दोन ‘न्हाई’ मनात जपून ठेवल्या होत्या.

आज त्यानं गल्लीच्या टोकाच्या इमारतीत नेलं. दुसरा मजला. दार उघडलं आणि त्यानं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. आजवर दाखवलेल्या कुठल्याच रिकाम्या घरात त्यानं चपला काढल्या नव्हत्या. विजयमालेनंही काढल्या. हंबीरराव बुटाच्या नाड्यांकडं पाहून दारातच उभे राहिले.

आत बदामाच्या झाडाचा हिरवट उजेड होता. खोलीत मधोमध उभं राहिलं तरी घर अंगावर येत नव्हतं. बाजूला सरून बस म्हणत होतं.

“इथं खाट,” कुणी विचारायच्या आधीच चांदसाहेब म्हणाला. “खिडकीच्या अंगाला. म्हाताऱ्या माणसाच्या पायावर सकाळचं ऊन येतंय. न्हाणी चार पावलांवर. रात्री उठवायचं झालं तर भिंतीला धरून नेता येतंय.”

“आमच्यात म्हातारं कोण न्हाई,” हंबीरराव दारातून म्हणाले. “व्हायचं झालं तर आमीच.”

“व्हय की. मी आपलं सहज म्हटलं.” त्यानं भिंतीवरून तळहात फिरवला आणि खिशात घातला.

विजयमाला स्वयंपाकघरात गेली. चष्मा काढून ओट्यावर ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि गार फरशीवर बसली. पाय लांब सोडले. किती दिवसांत असं कुणाच्या घरात बसावंसं वाटलं नव्हतं. मग आईची एक ओवी ओठांवर आली. ती अर्धीच आली.

दारीच्या पावण्याला
नको पुसूस नाव-गाव…

पुढचं काही केल्या सुचेना. ती तेवढंच पुन्हा गुणगुणली. पलीकडच्या खोलीतून हलक्या आवाजात पुढची ओळ आली:

उन्हातून आला जीव
आधी सावलीला ठाव.

ती वळून बघायला लागली. चांदसाहेब ओशाळून चौकटीत उभा होता.

“तुमाला कसं येतंय हे?”

“अम्मीचं हाय. तिचं माहेर वडूजकडं. जात्यावर म्हणायची. आता पडूनच आसती, बाकी काय आठवत न्हाई तिला. आमच्या खोलीत दिवसा बल्ब लावावा लागतो, तर इचारती, दिवस उगवला का म्हणून.” तो थांबला. “ओट्याला कडाप्पा हाय बगा. चांगला हाय.”

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. घेवड्याच्या शेंगांची परात कमरेला लावून शालूबाई बाहेर आल्या. शेंगांचं टोक मोडता मोडता त्यांनी हंबीररावांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“नवीन का? नाव काय म्हणायचं?”

“सुभेदार हंबीरराव चव्हाण. शिराळा तालुका.”

“बाई, शिराळ्याचे? माझी नणंद तिथंच आहे.” त्यांचा चेहरा सैल झाला. “बरं झालं. आपल्यातलेच मिळालात. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय ना, बाहेरच्या कुणाला येऊ द्यायचं नाही इथं. उगीच पुढं कटकट नको.” मग त्या आत वाकल्या. “तुम्ही माणसं मात्र चांगली आणता हं, चांदभाई. चहा टाकू का?”

“नको, काकू. आत्ताच झाला,” चांदसाहेब म्हणाला. कुणीही चहा घेतला नव्हता. तो जुडग्यातली किल्ली शोधायला लागला. किल्ली त्याच्या दुसऱ्या हातात होती.

शालूबाईंचं दार लागलं. विजयमाला ओट्याला धरून उठली. हे घर हातचं जाऊ नये असं तिला फार वाटत होतं. म्हणूनच विचारायला हवं होतं. बापाचा आवाज कानाशी आला होता.

“चांदसाहेब, तुमी राहाल का इथं?”

आतापर्यंत त्याचं उत्तर प्रश्न संपायच्या आत यायचं. ह्या वेळी आलं नाही. बदामाचं एक पान खिडकीच्या गजावर आपटून खाली गेलं. चांदसाहेब त्या पानाकडं बघत राहिला.

“नळ बघून घ्या, साहेब,” शेवटी तो म्हणाला. “पाण्याचा तरास न्हाई.”

हंबीररावांनी बायकोकडं पाहिलं. बायकोनं फरशीकडं.

खाली रसवंतीच्या बाकड्यावर बसल्यावर त्यांनी ग्लास पुढं सरकवला. “बघितलंस न्हवं? वाईट घराला तोंडावर न्हाई म्हणणारा माणूस हितं मुका झाला. म्हंजी न्हाईच्या पुढचं काय तरी हाय. कागदात गडबड आसंल, न्हाईतर कोण मेलं आसंल आत.”

“घर चांगलं हाय, आवं.”

“बैलबी चांगलेच दिसायचे. तुझा बाप काय म्हणायचा? तूच सांगतीस न्हवं सारखं?” ते वाईट बोलत नव्हते, दमलेले होते. “माले, मला आता जिनं चढवत न्हाईत. साईराजला फोन लावतो. थापा मारतोय, पर त्याच्या थापा कळत्यात तरी.”

विजयमालेनं रसाचा घोट घेतला आणि पाटीवरची किंमत वाचायला डोळ्यांना हात लावला. चष्मा नव्हता. “वर ओट्यावर ऱ्हायला,” ती म्हणाली. “मी येईपतोर फोन लावू नगा.”

“मी जातो.”

“बसा तुमी. तुमचे बूट निघायला दिवाळी यील.”

ती कठड्याला धरत वर गेली. दार नुसतंच लोटलेलं होतं. उंबऱ्याबाहेर चांदसाहेबाच्या चपला तशाच होत्या. आत चांदसाहेब खिडकीशी उकिडवा बसला होता, खाट पडेल म्हणाला होता त्याच जागी. ऊन आता आखडून फरशीवर ओंजळीएवढं उरलं होतं आणि त्यानं त्यावर तळहात ठेवला होता. तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा.

तिला बघून तो घाईनं उठला. “चष्मा व्हय? मी आणूनच देणार हुतो.” ओट्यावरून त्यानं तो आणला, सदऱ्याच्या टोकानं पुसून दिला.

विजयमालेनं तो लावला नाही, हातातच धरून ठेवला.

“चांदसाहेब, माझा बा म्हणायचा, इकणारा गप्प बसला म्हंजी खोट हाय. ते खाली फोन लावाय बसल्यात. काय आसंल ते सांगा. मी तुमचं नाव घ्यायची न्हाई.”

“जागंत खोट न्हाई, वैनी.”

“मग?”

त्यानं समोरच्या बंद दाराकडं एकवार पाहिलं. आवाज खाली घेतला.

“मला दिली आसती,” तो म्हणाला, “तर तुमाला दावलीच नसती.”