बेज्जूरच्या मिरचीचं बी

मैत्रीने ब्लेडने मिरची उभी चिरली आणि लगेच ओढणी नाकाला लावली. शी! देठाकडून पाहावं तर कशी हिरवीगार, टणक. बाजारात कोणीही डोळे झाकून उचलावी. आणि टोकाकडे? चामड्यासारखा आत बसलेला तपकिरी डाग, त्यावर काळी लव आणि आत बियांच्या जागी ओला लगदा. वास असा, की सकाळचा चहा घशाशी आला.

अंगणात अंथरलेल्या वर्तमानपत्रावर अशा सोळा मिरच्या चिरून पडल्या होत्या. ही सतरावी. एकीतही अळी नाही, कुठे टोचल्याची खूण नाही. अळी सापडली असती तर एक बरं झालं असतं, शिव्या कोणाला द्यायच्या ते तरी कळलं असतं. मैत्री गुडीहत्नूरच्या सरकारी शाळेत सायन्स शिकवायची. झाडाचे रोग फळ्यावर रंगीत खडूने काढून दाखवायची. मावला गावातल्या आपल्याच अंगणात, तीन कुंड्यांपुढे मात्र तिने हात टेकले होते.

तीनच कुंड्या. पण त्या गेल्या की मागे काही उरणार नव्हतं. तिची माय विठाबाई बेज्जूरच्या पलीकडे, जंगलाच्या कडेच्या गावात ही मिरची लावायची. आखूड, बुडाला जाड, टोकाला किंचित वाकडी. बाजारात ती मिळत नाही, दुकानात तिचं पाकीट नाही. मागच्या उन्हाळ्यात विठाबाई गेली. भावाने घर विकलं, घेणाऱ्याने परसावर सिमेंट ओतलं. मैत्रीच्या हाती लागली ती गाडग्यातली बियांची पुरचुंडी, आणि तीही किड्यांनी अर्धी खाल्लेली. उरलेलं सगळं बी तिने पेरून टाकलं. अकरा उगवली, तीन जगली. आता या तीन झाडांवर एक, फक्त एक मिरची धडपणे लाल होऊन वाळायला हवी होती. नाही झाली, तर संपलं.

दिवाळीनंतर चार लाल झाल्याही होत्या. बी चांगलं भरू दे म्हणून तिने त्या झाडावरच ठेवल्या, आणि एकेक करून चारही गायब. आधी तिने खारूताईला शिव्या घातल्या. मग शेजारच्या लक्ष्मीबाईवर संशय घेतला. दिवाळीचा फराळ द्यायला आली तेव्हा हीच बाई कमरेवर हात ठेवून कुंड्यांपुढे उभी राहिली होती, "बाई वं, काय लदबदलं झाड! पानाले जागा नाई!" त्यानंतर जे सुरू झालं ते हे असं. आधी टोकाला पाणचट डाग, मग तो तपकिरी, मग काळा.

"पुन्यांदा कापून राह्यली का?" कोपऱ्यातल्या पोत्यावरून सोजरबाई म्हणाली.

सोजरबाई म्हणजे मैत्रीची सासू. पायाशी थुंकायचा डबा, मांडीवर पानतंबाखूची कापडी चंची, तळहातावर तंबाखू. अंगठ्याने चुना मळण्याचा तो खसखस आवाज ऐकला तरी मैत्रीच्या अंगावर काटा यायचा. आणि ती चंची! कधीकाळी लाल असावी. आता तिला रंग असा नव्हताच, नुसता तेलकट मळ. धुवायला टाकायची वेळ आली की मैत्री ती चिमट्याने उचलायची आणि चिमटाही मग घासून ठेवायची. सासूला दिवसातून दहा वेळा एकच सांगणं असायचं, आई, हात धुवा.

"रोग पाहून राह्यली, आई."

"रोग नसन तो." सोजरबाईला पुढे काही म्हणायचं होतं. पण ती वाकून डब्यात पच्चकन थुंकली, आणि ते बोलणंही डब्यातच गेलं.

मैत्रीने करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. निंबोळीचा अर्क फवारला. अंड्याची टरफलं कुटून घातली. ताक घातलं, राख घातली. पाणी कमी केलं, मग वाढवलं. नवरा, हर्षदीप, तहसील कचेरीत क्लार्क. मोटारसायकलला किक मारता मारता तो म्हणाला, "तुझं म्हणजे कसं हाय, रोग म्हशीले अन् इंजेक्शन पखालीले," आणि निघून गेला. नवऱ्याला बोलायला काय जातं?

शेवटी तिने सडक्या मिरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरल्या आणि शाळेजवळच्या नागोरावच्या बी-खताच्या दुकानात नेल्या. नागोरावने पिशवी उघडली, तोंड वेंगाडलं, पुन्हा बंद केली.

"हा रोग नव्हे, मॅडम. टोकापर्यंत कॅल्शियम पोचून नाई राह्यलं. मुळाले कायतरी तरास हाय. माती पाहा, पानी पाहा." मग चष्मा वर सरकवत त्याने विचारलं, "अन् घरात तंबाखू कोन खाते? त्या हातानं मिरचीले शिवू देऊ नका. पानाचा रोग येते त्यानं."

पानाचा, म्हणाला होता तो. फळाचा नव्हे. एखाद्या पोराने पेपरात अशी गल्लत केली असती तर मैत्रीने लाल रेघ मारली असती. पण माणसाला जे ऐकायचं असतं तेवढंच कानात शिरतं. घरी पोचेपर्यंत तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

सोजरबाई नेमकी कुंडीपाशी उकिडवी बसली होती. एक हात झाडाच्या बुडाशी.

"हात काढा!" मैत्री फाटकातूनच ओरडली. "तुमचे ते घाण हात माह्या झाडाले लावू नका! तंबाखू चोळता, थुंकता, अन् त्याच हातानं... शी! माह्या मायची एवढीच गोष्ट उरली हाय, तेही सडवून टाकली तुमी."

सोजरबाईने हात मागे घेतला. पदराला पुसला. मग एका हाताने भिंत धरून उठली, डबा आणि चंची उचलली, पोतं काखेत मारलं आणि मागच्या दाराशी जाऊन बसली. त्या दिवसापासून तिची जागा तीच झाली.

मैत्रीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलं बरं वाटलं. अंगण तिने फिनेलने धुऊन काढलं.

पण तीन आठवडे झाले आणि नव्या मिरच्यांची टोकंही तशीच काळी पडली. आता तर पानांच्या कडाही जळाल्यागत वाळत होत्या. दोन झाडांनी मान टाकली. तिसऱ्यावर दोन मिरच्या उरल्या होत्या, आणि दोन्हींच्या टोकाला तो पाणचट डाग आलाच होता. मैत्रीला त्या झाडांकडे बघवेना, आणि मागच्या दाराकडे तर अजिबात बघवेना.

रविवारी ती माती बदलायला बसली. खुरप्याने वरचा थर उकरला तर आत पांढरे कण. कुंडीला बाहेरूनही पांढरी पोपडी धरली होती. बोअरच्या पाण्याचे क्षार असतील, असं समजून तिने आजवर तिकडे लक्षच दिलं नव्हतं. तिने एक कण नखावर घेतला. बघितला. आणि मग चमचा दोनदा विसळल्याशिवाय तोंडात न घालणाऱ्या या बाईने तो कुंडीतला कण जिभेवर ठेवला.

मीठ!

ती थुंकली, पुन्हा थुंकली. चूळ भरली. स्वयंपाकघरात जाऊन लोणच्यासाठी आणलेल्या खड्या मिठाची बरणी तिने खाली काढली. दोन किलोची बरणी, तळाशी मूठभर खडे.

मागच्या दाराशी सोजरबाई उन्हात पाय पसरून बसली होती. मैत्रीने बरणी तिच्यापुढे ठेवली.

"कुंड्यांत मीठ कोणं टाकलं, आई?"

सोजरबाईने बरणीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "म्या."

"काऊन?"

"दृष्ट काढली." म्हातारी खाली मान घालून चंचीची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. "लक्ष्मीबाई तसं बोलली, तवाच नजर लागली व्हती. दर शनवारी तू शाळेत गेली का झाडावरून मीठ उतरवत जाओ अन् बुडात सोडो. चौकात टाकाव, तं लोकं पायतील. म्हनतील, रामाजीच्या घरात दृष्ट काढते."

या घरात दृष्ट! सासऱ्यांनी, रामाजींनी, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा उचलून नदीत सोडला होता. त्या देव्हाऱ्याची दुसरी बाजू सोजरबाईनेच धरली होती. ही गोष्ट हर्षदीप येईल त्या पाहुण्याला सांगायचा.

"तुमाले लाज नाई वाटली?"

"वाटली ना. चाळीस वर्सं नाई काढली. हर्षदीपले गोवर आला, पोरगं हाती लागते का नाई असं झालं, तवाही नाई काढली." तिने बरणी थोडी बाजूला सारली. "पन तू मायसाठी त्या झाडापाशी बसून रडत जाय."

मैत्री तिच्यासमोर खाली बसली.

"तू हात लावू नको म्हनली, मंग हात नाई लावला. दुरूनच सोडलं. पन नजर लई जबर. उतरूनच नाई राह्यली. म्हून मीठ वाढोलं."

"मिठानंच मेली झाडं, आई." मैत्रीला ओरडायचं होतं, पण आवाज बारीकच निघाला. "मीठ असलं का मुळाले पाणी ओढता येत नाई."

"मिठानं?" सोजरबाईचा हात दोरीवर तसाच थांबला. "मिठानं मेली?"

आणि मैत्रीला ते आठवलं. दृष्टीला नुसतं मीठ लागत नाही. मीठ, मोहरी आणि लाल मिरची. उतरवायची आणि विस्तवात टाकायची.

"आई, त्या चार लाल मिरच्या... त्या तुमी जाळल्या?"

म्हातारीने चंचीची दोरी सोडली आणि चंची तिच्याकडे सरकवली.

"घरात सारी पाकिटातली पूड. म्हून झाडाचीच तोडली, एका शनवारी एक. उतरवली. गॅसपाशी नेली. पन हात नाई वळला वं. तुह्या मायची ना ते. जाळाव कशी? मंग निसतं मीठच टाकलं."

"मंग मले दिल्या काऊन नाई?"

"देल्या असत्या तं दृष्टीचं सांगा लागलं असतं."

दोघींच्या मधे ती चंची पडली होती. तोंडाशी वाळलेला चुना, शिवणीत काळा मळ, आणि तो वास. चिमटा आत स्वयंपाकघरात होता. मैत्रीने चंचीत हात घातला. तंबाखूचा भुगा नखांत शिरला, चुन्याची डबी लागली, सुपारीची चिकट खांडं बोटांना चिकटली. तिने हात आणखी आत, मनगटापर्यंत घातला. तळाच्या कप्प्यात त्या होत्या. एक, दोन, तीन, चार. आखूड, बुडाला जाड, टोकाला किंचित वाकड्या, कडकडीत वाळलेल्या. एकीलाही डाग नव्हता, की कीड लागली नव्हती. एक तिने कानाशी नेऊन हलवली. आत बी खुळखुळलं.

"हात धुऊन घे, पोरी," सोजरबाई म्हणाली. "घान हाय ते."

नळ चार पावलांवर होता. मैत्री मिरच्या मुठीत धरून तिथेच बसून राहिली.