नेलीबाईचे दोन फूट

हल शहरातल्या त्या गल्लीत मागच्या बागेतला दुसऱ्या महायुद्धातला बाँबनिवारा आता एकट्या मॅव्हिसकडे उरला होता. पन्हळी पत्र्यांची कमान, तिच्यावर मातीचा ढीग आणि ढिगावर आंबट लाल देठांची रुबार्बची भाजी. आत कुदळी आणि फुटक्या कुंड्या. ऐंशीची मॅव्हिस बाकीच्या बागेकडे बघायची नाही, पण त्या ढिगावर गवताची काडी उगवू द्यायची नाही.

समोरचा कॉलिन ब्लँचर्ड कागद घेऊन आला, तेव्हा तिने कौतुकाने चहा टाकला. निवाऱ्यावर पाटी लागणार होती. चष्मा लावून तिने मजकूर वाचला आणि तिचा चहाच कडू झाला. या गल्लीतले सगळे निवारे वॉल्टर ब्लँचर्ड यांनी उभारले, असं त्यात होतं. वॉल्टर म्हणजे कॉलिनचा आजोबा. खाली मॅव्हिसची सही हवी होती.

"हा माझ्या आईने खणलाय," ती म्हणाली. "एकटीने. बाबा बोटीवर होते."

कॉलिनने समजूत घातली. तेव्हा ती सहा वर्षांची, आठवणीत गफलत व्हायचीच. आजोबा तर जन्मभर हेच सांगत आले.

मॅव्हिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिने आवाज चढवला नाही. आजोबा माझ्या आईबद्दल काही सांगायचे का, एवढंच विचारलं.

कॉलिन ओशाळून हसला. "चेष्टा करायचे हो, मावशी. नेलीला चार फूट खण म्हटलं, तर बाई दोन फुटांतच दमली. बागेत पत्र्याचा उंट बसवलाय म्हणायचे."

"मग बाहेर चल आणि हा उंट कोणाचा ते तूच सांग."

बागेत येऊन कॉलिन त्या ढिगाकडे बघत राहिला. मॅव्हिसने त्याला सगळं सांगितलं. नेलीच्या वडिलांचा जन्म चर उपसण्यात गेला होता. इथे तिसऱ्या फुटाला पाणी लागतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने दोनच फूट खणलं आणि वर दुप्पट माती चढवली. वॉल्टरने सरकारी पत्रकाबरहुकूम चार फूट खणले आणि त्याचे सगळे निवारे हिवाळ्यात पाण्याने भरले.

"मे महिन्यात बाँब पडले तेव्हा सहा जणांच्या जागेत आम्ही अकरा जण होतो," मॅव्हिस म्हणाली. "तुझा आजोबा दाराशी, पालथ्या बादलीवर. सकाळी बघतो तर तुमच्या निवाऱ्याच्या जागी नुसता खड्डा."

कॉलिनने वाकून ढिगावरची माती चिमटीत घेतली.

"दर मार्चला आजोबा खताला घोड्याच्या लिदीची एक ढकलगाडी तुमच्या मागच्या फाटकाशी ओतून यायचे," तो हळूच म्हणाला. "आजी भांडायची, आपल्या गुलाबांना का नाही म्हणून. त्यांनी कधी कारण सांगितलं नाही."

मॅव्हिसला हसू आलं आणि डोळेही भरले. "आणि आई दरवर्षी पहिला रुबार्ब दूधवाल्याला द्यायची. तिला वाटे, दूधगाडीचा घोडा त्याचा, म्हणजे लीदही त्याचीच. तो मेला मुकाट्याने घ्यायचा."

कॉलिनने आजोबाच्या नावावर रेघ मारली आणि नेली लिहिलं.

"पूर्ण नाव लिही, एलेनॉर," मॅव्हिस म्हणाली. "एलेनॉर स्टॅमर्स. आणि दोन फूट खणला, हेही लिही. मग करते सही."